केशरी कार्ड आणि शंभर पानी वही

आयकर खात्याचं वर्ष १ एप्रिलला सुरू होतं, देवबागचं नारळी पौर्णिमेला. त्याआधी १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, मेअखेरीपासून ऑगस्ट संपेपर्यंत पर्यटकांच्या बोटी बंद, आणि कर्लीची खाडी एका अंगाला, समुद्र दुसऱ्या अंगाला घेऊन बसलेल्या या चिंचोळ्या गावात पावसाळाभर फक्त खर्च असतो. कौलं, गाद्या, इंजिनाचं काम, मुलांच्या फिया. मग दिवाळी, नाताळ आणि मे. खात्याचं वर्ष नेमकं या मे महिन्याच्या तोंडावर उघडतं. गावाच्या दृष्टीने तेव्हा सीझनचा शेवटचा आणि सर्वांत भरलेला घास उरलेला असतो. कागदावर मात्र नवं वर्ष लागलेलं असतं.

१९९७ साली सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा जाहीर झाला आणि पुढच्या वर्षांत तारकर्ली-देवबागच्या माडांत घरोघरी खोल्या उठल्या. रापण ओढणारे, होडी हाकणारे लोक हळूहळू खोल्या देऊ लागले, जेवण घालू लागले, डॉल्फिन दाखवू लागले. पूर्वी हातात मजुरी किंवा वाटा यायचा, आता धंद्याची जमा येते. फरक मोठा आहे, पण तो कुणी समजावून सांगितला नाही.

खालची काका-पुतणीची जोडी मी बांधलेली आहे. काका साठीच्या घरातले, चार खोल्या, भावांबरोबर एका बोटीत वाटा. पुतणी कॉमर्स शिकलेली, मालवणात एका कर सल्लागाराकडे कामाला. काका अर्थातच मालवणीत बोलतात. त्यांचं बरंचसं बोलणं मी पुस्तकी मराठीत आणलंय, जिथे चव जाईल असं वाटलं तिथे हात लावलेला नाही.

काका : तुझी ती वही माका कित्याक व्हयी? पैसे इले, गेले. राहिले ते कपाटात. राहिलेच नाहीत तर कळतंच की.

पुतणी : राहिले नाहीत हे कळतं काका, कुठे गेले ते कळत नाही. गेल्या मेमध्ये एकही खोली रिकामी नव्हती. ऑगस्टमध्ये इंजिनासाठी तुम्ही सोसायटीतून उचल घेतलीत. का घ्यावी लागली, सांगा बघू.

काका : सीझन बरो गेलो नाय.

पुतणी : बरा गेला. मी पोलिसांसाठी ठेवलेलं तुमचं पाहुण्यांचं रजिस्टर बघितलं. नाव, गाव, आधार, आले कधी, गेले कधी, सगळं आहे त्यात. फक्त पैशाचा रकाना नाही. अर्धी वही तुम्ही आधीच लिहिताय, ती दुसऱ्यासाठी.

काका : आमच्या रापणीला कधी वही नव्हती. जाळं किनाऱ्याला लागलं की वाळूतच वाटे पडायचे. जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा, ओढणाऱ्यांचे वाटे. पन्नास माणसं उभी असायची, एकाने खोटं केलं तर बाकीचे गप्प बसतील? त्याच्यापेक्षा तुझी वही खरी?

पुतणी : नाही. पण ते वाटे म्हणजेच हिशेब होता, सगळ्यांसमोर केलेला. आता जमा तुमच्या एकट्याच्या फोनवर येते. बघायला पन्नास माणसं नाहीत. काकी पण नाही.

काकांचा हा रापणीचा मुद्दा टोलवून लावण्यासारखा नाही. समोरासमोर मांडलेला हिशेब हा कोणत्याही लेखापरीक्षणापेक्षा कडक असतो. अडचण एवढीच की पाहुण्यांचा धंदा तसा चालत नाही. ॲडव्हान्स मार्चमध्ये मुलाच्या फोनवर येतो, उरलेले मे महिन्यात काकांच्या हातात रोख पडतात, जेवणाचे काकीच्या नंबरवर, आणि त्याच नंबरवर काकीच्या भावाने परत केलेले उसने पाच हजारही येतात. वर्षाने बँकेचं स्टेटमेंट काढलं तर त्यातली जमा कोणती आणि उसनवार कोणती, हे परमेश्वरालाही सांगता येणार नाही.

काका : आणि लिहिलं की टॅक्स लागला.

पुतणी : किती लागेल म्हणता?

काका : माका काय म्हायत? शंभराला दहा?

पुतणी : तर मग बसा. रजिस्टर, पासबुक आणि तुमची आठवण एकत्र करून मी गेल्या वर्षाचा अंदाज काढलाय. खोल्यांचे ५,२०,०००. जेवणाचे २,६०,०००. बोटीतला तुमचा वाटा १,२०,०००. एकूण ९ लाख.

काका : नऊ लाख? गप, कोण ऐकात!

पुतणी : ही जमा, नफा नव्हे. आता खर्च. किराणा, मासे, गॅस मिळून १,७५,०००. लाइट बिल १,०६,०००. कामाला येणाऱ्या दोघींची मजुरी ९०,०००. पावसाळ्यानंतरची डागडुजी ७५,०००. कमिशन ६०,०००. चादरींची धुलाई, पेट्रोल, इंजिन धरून आणखी ८४,०००. उरले ३,१०,०००. नव्या कररचनेत १ एप्रिल २०२५ पासून पहिल्या ४ लाखांवर करच नाही. आणि उत्पन्न १२ लाखांपर्यंत गेलं तरी सूट मिळून कर शून्यावर येतो. तुमचा टॅक्स शून्य.

काका : मग भरायचं कशाला, शून्य?

पुतणी : चार लाखांच्या आत असलेल्याला एरवी रिटर्न भरायची सक्ती नाही. पण वर्षाचं लाइट बिल १ लाखाच्या वर गेलं की आहे, उत्पन्न कितीही कमी असू दे. चारही खोल्यांना तुम्ही एसी लावलेत ना?

देवबागात हा नियम किती घरांना लागू होत असेल याचा मला राहून राहून विचार येतो. कायदा करणाऱ्याच्या डोळ्यांसमोर मोठं लाइट बिल म्हणजे बंगला असणार. इथे ते पुण्यामुंबईच्या पाहुण्याचं बिल असतं, घरमालकाच्या नावावर आलेलं. पाहुणा रात्री एसी लावून निघून जातो आणि त्या युनिटांनी काकांना आयकर खात्याच्या दारात नेऊन उभं केलेलं असतं.

काका : म्हणजे आता तुझ्या साहेबाकडे पेट्या घेऊन यायचं, बिलं लावायची, ऑडिट करायचं.

पुतणी : त्याचीच गरज नाही. छोट्या धंद्यासाठी आमच्याकडे ज्याला चव्वेचाळीस एडी म्हणतात ती अंदाजी नफ्याची सोय आहे. १९६१ चा कायदा जाऊन १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा आयकर कायदा आला, कलमांचे आकडे बदलले, पण सोय राहिली. वर्षाची जमा २ कोटींच्या आत असेल तर बँकेतून आलेल्या जमेवर ६ टक्के आणि रोख जमेवर ८ टक्के हा किमान नफा धरता येतो. खर्चाची पावती कुणी मागत नाही. समजा तुमचे ६ लाख बँकेतून आले आणि ३ लाख रोख. ३६,००० आणि २४,०००. साठ हजार.

काका : मग साठच लिव! तीन लाख दहा हजार कित्याक सांगूचे?

पुतणी : कारण कायदा म्हणतो, एवढा किंवा याहून जास्त खरोखर मिळाला असेल तर तो. तुम्हाला ३,१०,००० सुटलेत हे आता तुम्हालाही माहीत झालंय. आणि दोन्हीकडे कर शून्यच आहे. मग साठ हजार लिहून मिळवायचं काय? उद्या बँकेत गेलात तर साठ हजार नफ्यावर मॅनेजर इंजिनाला कर्ज देईल?

काका : आणि तो बंदरावर गिऱ्हाईक फिरवणारा? त्याकाय असाच?

पुतणी : त्याला नाही. दलालीच्या आणि कमिशनच्या कमाईला ही सोय लागू नाही. त्याने खरे खर्च लिहायचे. म्हणजे बघा, ज्याच्याकडे कागद सर्वांत कमी असतो त्यालाच तो जास्त ठेवावा लागतो.

इथे काका थोडे सैलावले. मग त्यांना बेंगळुरू आठवलं. जुलै २०२५ मध्ये कर्नाटकच्या विक्रीकर खात्याने यूपीआयच्या नोंदी बघून हजारो छोट्या विक्रेत्यांना जीएसटीच्या नोटिसा धाडल्या. हावेरीच्या एका भाजीवाल्याला २९ लाखांची गेली. दुकानांवरचे क्यूआर कोड उतरले, ‘फक्त रोख’ च्या पाट्या चढल्या. शेवटी मुख्यमंत्र्यांना जुनी वसुली करणार नाही असं सांगावं लागलं. ही बातमी किनाऱ्यावर टॅक्सच्या कोणत्याही माहितीपत्रकापेक्षा वेगाने पोचली.

काका : बघितलंस? म्हणून मी रोखच बरी म्हणतंय.

पुतणी : भाजीवाल्याचं म्हणणं काय होतं? ताज्या भाजीवर जीएसटीच नाही. ते बरोबरच होतं. पण फोनवर नुसता आकडा दिसतो, भाजी दिसत नाही. काय विकलं ते वहीच सांगते. आपल्याकडे सेवेची मर्यादा २० लाख आहे. तुमचे ९. रोख घेतलेत तरी ९, यूपीआयने घेतलेत तरी ९. फक्त एक, खोल्या वेगळ्या, जेवण वेगळं, बोट वेगळी असं मोजायचं नाही. एका पॅनवर सगळं एकत्र.

काका : ॲपवरून येतात त्यांचं?

पुतणी : त्या खोलीवरचा जीएसटी ॲपवाला भरतो, तुम्ही नोंदणीत नसलात तर. पण जमा लिहिताना चुकू नका. पाहुण्याने २,००० भरले, तुमच्या खात्यात १,६५० आले, तर जमा २,०००. साडेतीनशे हे कमिशन, खर्चाच्या पानावर.

काका : आणि मासे? गेल्या वर्षी एप्रिलात सरकारान मच्छीमारीक शेतीचो दर्जो दिल्यान. शेतीक टॅक्स नाय.

पुतणी : तो राज्याच्या मंत्रिमंडळाचा निर्णय, २२ एप्रिल २०२५ चा. वीज, कर्ज, विमा यांत शेतकऱ्यासारख्या सवलती मिळाव्यात म्हणून. आयकर केंद्राचा. त्याच्या लेखी शेतीचं उत्पन्न जमिनीतून येतं. तुमच्या माडाचे नारळ करमुक्त, तुमची सुरमई मात्र धंदा. नारळाचे पैसे वेगळ्या पानावर लिहा.

काका हसले. समुद्रात उभा जन्म गेला तरी तो धंदा, आणि अंगणात आपोआप पडलेला नारळ म्हणजे शेती. या विनोदाला उत्तर नाही. पुतणीनेही दिलं नाही. पण काकांचा खरा मुद्दा अजून यायचाच होता, आणि तो आला तेव्हा त्यांचा आवाज खाली गेला.

काका : टॅक्स शून्य, मान्य. पण तो आकडा एकदा सरकारच्या कागदावर गेलो काय, केशरी कार्ड जातला. कार्ड गेला तर तू देतलंस तांदूळ?

पुतणी काही बोलली नाही. बोलेल तरी काय? महाराष्ट्रात १ मे १९९९ ला तीन रंगांची रेशनकार्डं आली. केशरीची मर्यादा तेव्हा कुटुंबाला वर्षाला १ लाख ठरली. अजून तीच आहे. म्हणजे अख्ख्या घराला रोज २७५ रुपयेही नाहीत. अन्नसुरक्षेच्या स्वस्त धान्यासाठी तर ग्रामीण भागात मर्यादा ४४,०००. रोजंदारीला जाणारा कोणताही धडधाकट माणूस ही मर्यादा पावसाळ्याआधीच ओलांडतो. ‘लाडकी बहीण’ची मर्यादा कुटुंबाला अडीच लाख, आणि केशरी कार्ड असेल तर उत्पन्नाचा दाखलाही लागत नाही, कार्ड हाच दाखला. काकीचे महिन्याचे १,५०० त्या कार्डाला बांधलेले आहेत.

एकच घर, आणि त्याला दोन कागद लागतात. तहसीलदाराच्या दाखल्यावर ते गरीब असावं लागतं, बँकेच्या टेबलावर ते कमावतं असावं लागतं. पंचवीसहून जास्त वर्षांपूर्वीच्या आकड्याला सरकारने हात लावला नाही, आणि त्या आकड्याखाली मावण्यासाठी माणसं आपली कमाई स्वतःपासूनही लपवायला शिकली. ‘लोकांना टॅक्स बुडवायची सवय आहे’ असं शहरात सहज म्हटलं जातं. देवबागच्या चार खोल्यांवर बुडवण्याजोगा टॅक्सच नाही. लपवाछपवी आहे ती तांदळासाठी आणि पोराच्या स्कॉलरशिपसाठी, आणि तिची जबाबदारी मी तरी आधी मर्यादा ठरवणाऱ्यावर टाकतो.

पुतणी : काका, खरं सांगू? ‘लाडकी बहीण’च्या नियमात ‘आयकरदाता’ म्हटलंय. नुसतं शून्य कराचं रिटर्न भरणारा म्हणजे कर भरणारा नव्हे. तेवढी भीती काढून टाका. पण तुमचं घर अडीच लाखांच्या वर आहे. ते रिटर्न भरलं म्हणून वर जात नाही, आधीच गेलंय.

काका : म्हणजे सोडायचं?

पुतणी : ते मी कसं सांगू? सोडा म्हणायला मला जड जातं. पण आता ई-केवायसीत नवऱ्याचं आधारही मागतात. एक खातं दुसऱ्याशी बोलायला लागलंय. बँकेचं व्याज आयकर खात्याला दिसतं, आणि तुम्ही कुठेच नाही असं फार दिवस चालणार नाही. तेव्हा ते विचारतील आणि आपल्याकडे सांगायला काही नसेल.

काका : मे एकवीसच्या तौक्तेत छप्पर गेलं तेव्हा तलाठ्याने पंचनामा केला. वही नाही मागितली.

पुतणी : छपराचा पंचनामा झाला. खोल्यांच्या बुकिंगचा झाला? त्या मेमध्ये कोरोनाचे निर्बंध होते, नंतर वादळ. धंदा किती बुडाला हे गावात एकालाही कागदावर दाखवता आलं नाही, म्हणून तो बुडालाच नाही. अपघातातही तसंच. देव करो नि न होवो, पण अपघाताच्या दाव्यात कमावत्या माणसाची कमाई सिद्ध करावी लागते, आणि तिथे मागच्या वर्षांची रिटर्न उपयोगी पडतात. ती नसली तर किमान मजुरीच्या आसपास कुठेतरी बोळवण होते. मे २०२२ मध्ये तारकर्लीला बोट उलटली, दोन पर्यटक गेले. तेव्हापासून तुम्ही बोटीवर माणसं मोजून घेता, जॅकेटं मोजता. पैसे तेवढे मोजायचे राहिलेत.

एवढा वेळ स्वयंपाकघराच्या दारात कोकमं निवडत काकी बसली होती. ती एकदम बोलली.

काकी : मघा काय म्हटलंस गो, जेवणाचे किती?

पुतणी : दोन लाख साठ हजार.

काकी : आणि सामानाचे?

पुतणी : एक पंच्याहत्तर.

काकी : म्हणजे पंच्याऐंशी हजार माझ्या रांधपाचे. ते खय आसत?

काकांनी पान शोधायला सुरुवात केली. पुतणीने वही काकीकडे सरकवली. यात कायद्याचा मुद्दा आहेच: जेवण खरोखर काकी चालवत असेल, सामान ती आणत असेल, पैसे तिच्या खात्यात येत असतील, तर तो तिचा धंदा आहे आणि तो तिच्या पॅनवर मांडता येतो. नुसता हिशेब कमी दाखवायला बायकोचं नाव पुढे करणं वेगळं, ते चालत नाही. २०२३ च्या ‘आई’ धोरणात राज्याने पर्यटनातल्या बायकांना १५ लाखांपर्यंतच्या कर्जावरच्या व्याजाचा परतावा देऊ केला. पण कर्ज द्यायचं की नाही हे शेवटी बँकच ठरवते, आणि ज्या बाईच्या नावे एक रुपयाही जमा लिहिलेला नाही तिच्यापुढे बँक काय ठेवणार? घरातली सर्वांत लांब ड्यूटी करणारी व्यक्ती हिशेबात नसते. निदान काकांच्या घरात तरी ते त्या दुपारी कळलं.

पुतणी : शंभर पानी वही पुरे. डाव्या पानावर जमा: तारीख, पाहुणा, खोली की जेवण की बोट, किती, रोख की फोनवर. उजव्या पानावर खर्च. रोज रात्री, आठवड्याने नाही. मार्चमध्ये मेचा ॲडव्हान्स आला तर ‘ॲडव्हान्स’ म्हणून वेगळा लिहा, पाहुणा येऊन राहिला की जमेत घ्या, आणि दरवर्षी तसंच करा. कॅन्सल झाला तर परत दिलेलेही लिहा. पेट्रोलच्या पावत्या डब्यात भरून ठेवू नका, या खाऱ्या हवेत दोन महिन्यांत कोऱ्या होतात. फोटो काढा. आणि धंद्याचं एक खातं वेगळं उघडा, भिंतीवर एकच क्यूआर.

काका : एकच? मग पोराच्या नंबरवर येतात ते?

पुतणी : ते थांबवायचे. तो उद्या मुंबईत नोकरीला लागला की त्याच्या पगाराच्या हिशेबात तुमच्या खोल्या दिसतील.

काका : आणि वहीत तुझ्या त्या तीन लाख दहा हजारांचा आकडा लिहायचो?

पुतणी : वही तुमची आहे. ती तहसीलदाराला द्यायची नसते. वहीत तरी खरं लिहा. रिटर्नचं आपण त्यानंतर बोलू.

काका : त्यानंतर म्हणजे लाइट बिलाचं तसंच रवतला?

पुतणी : राहणार नाही, भरावंच लागेल. यंदाचं वेळेत भरलं तर दंडही नाही.

काकांनी मान डोलावली, म्हणजे हो म्हटलं की नाही हे त्या घरात कुणालाच सांगता येत नाही. काकीने मात्र वही उघडून पहिल्या पानावर गणपतीचं नाव घातलं, खाली ‘जेवण’ असा रकाना आखला आणि विचारलं, क्यूआर कुणाच्या नावाचा लावायचा.